पिसेथची वाट

सकाळी बाजारातून परतताना थियारी स्वतःच्याच गल्लीवरून पुढे निघून गेली.

औषधांचं दुकान लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. हे दुकान गल्लीच्या पुढे. म्हणजे गल्ली मागे राहिली. पिशवीतला मासा अजून मधूनच शेपूट आपटत होता आणि ती फुटपाथवर उभी राहून मागे बघत होती. आधी तिला हसूच आलं. वय झालं आता, असं ती पुटपुटलीही. मग ती वळली, परत चालू लागली आणि या खेपेला नीट बघत चालूनही गल्ली तिला चटकन सापडेना. कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ गेल्या आठवड्यात पाडला होता. त्याच्या जागी निळ्या पत्र्यांचं कुंपण आलं होतं, शेजारच्या कुंपणाला जोडून, सलग. पत्र्यावर पोहण्याच्या तलावाकाठी हसणारं एक कुटुंब रंगवलेलं, पुढे तेच कुटुंब गच्चीवर, पुढे पुन्हा तेच तलावाकाठी. त्या दोन हसण्यांच्या मधे एक फट होती, ट्रक जाईल एवढी. ती फट म्हणजे तिची गल्ली. त्या फटीतून ती आत शिरली आणि डावीकडे उभ्या राहणाऱ्या टॉवरचा गार, ओल्या सिमेंटचा वास तिच्या अंगावर आला. तेवढ्यात तिच्या मनात आलं: मी चुकले. मी, जी सोळाव्या वर्षापासून या शहराबाहेर एक रात्रही राहिले नाही. मग तो कसा येणार?

तो म्हणजे पिसेथ, तिचा धाकटा भाऊ.

तळमजल्यावर हेंग मावशीची शेवयांच्या सुपाची गाडी. मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता मावशी म्हणाली, “अगं, तो मासा हातातच मेला की. ध्यान कुठाय?”

“मावशी, मी गल्ली चुकले.”

“मग? मी परवा माझं दार समजून त्या चिनी कंपनीच्या हापिसात शिरले. काचेचं दार, आपोआप उघडतं मेलं. आतल्या पोरीनं मला फ्लॅटची चित्रं दाखवायला घेतली. म्हटलं, बाई, मला संडासाला जायचंय गं.” मावशी हसली आणि हसता हसताच थांबली. “या महिन्याच्या शेवटी मी चालले हं. लेक न्यायला येतोय. बिल्डिंगीत तू एकटी उरशील. किती दिवस बसणारेस भुतासारखी त्या खिडकीत?”

थियारी जिन्याकडं वळली. वरच्या दोन्ही मजल्यांवरची दारं काढून नेलेली होती. जिना चढताना त्या रिकाम्या चौकटींतून आरपार दिसत होतं. कुणाच्या तरी भिंतीवर मुलाची उंची मोजल्याच्या रेघा, कुणाच्या तरी मोरीत उलटी पडलेली बादली. तिसऱ्या मजल्यावर एक दार शाबूत होतं, ते तिचं. तिनं मासा ताटलीत ठेवला, त्याच्यावर पाणी घातलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून समोर टॉवरचा एक मजला दिसत होता, फक्त तेवढाच. काँक्रीटची जमीन, काँक्रीटचं छत, मधे दोरीवर वाळत घातलेल्या मजुरांच्या चड्ड्या. वरचे मजले बघायचे तर जमिनीवर उताणं पडावं लागे. एकदा ती पडलीही होती. मग छातीवर दडपण आल्यासारखं होऊन उठून बसली होती.

तिथं पूर्वी घर होतं. पिवळ्या भिंती, हिरव्या झडपा आणि वरच्या मजल्यावर एक गोल खिडकी. खाली उक सारीन यांचं शिवणकामाचं दुकान, वर बिऱ्हाड. उक सारीन म्हणजे तिचे वडील. काळ्या कपड्यांतले बंदूकवाले शहरात शिरले आणि सगळ्यांनी तीन दिवसांसाठी घरं सोडा म्हणून भोंग्यावर ओरडू लागले, तेव्हा वडिलांनी दुकानाला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली विजारीच्या आतल्या खिशात घातली. रस्त्यावर माणसांचा लोंढा होता. आजाऱ्यांना खाटेसकट ढकलत नेत होते. आईनं पिसेथला पाठीला बांधलं, सात वर्षांच्या घोड्याला, आणि तो लाजून तोंड लपवत होता. “हे बघा,” चालता चालता वडील म्हणाले, “कुणी चुकलंच तर घरी यायचं. बाकी कुठं शोधत हिंडायचं नाही. घर काय पळून जातंय?”

ते परत आले नाहीत. वायव्येकडच्या कुठल्याशा गावात बंदूकवाल्यांच्या हुकमानं कालवा खणता खणता आधी वडील गेले, मग आई. तापानं की भुकेनं, हे तिनं पुढं कधी ठरवलं नाही. मग मुलांच्या कामाच्या तुकड्या झाल्या. मोठ्या मुली एकीकडे, लहान मुलं दुसरीकडे. पिसेथ तेव्हा नऊचा होता, पण सहाचा वाटायचा. त्याचे गुडघेच काय ते मोठे होते. त्याला न्यायला बैलगाडी यायच्या आदल्या संध्याकाळी ती त्याला बांधावर घेऊन बसली आणि त्याच्याकडून वाट पाठ करून घेतली.

“आधी काय?”

“पिवळ्या घुमटाचा बाजार.”

“मग?”

“मग सिनेमा.”

“सिनेमाच्या कुठल्या अंगानं?”

“जिकडं तळलेली केळी मिळतात.” केळी म्हणताना तो थांबला आणि त्यानं आवंढा गिळला. “मग पाण्याची टाकी. मग सोनेरी सापाचा दवाखाना. मग फोटोवाला. तिथं वळायचं. मग आपलं घर.”

“आणि मी नसले तर?”

“पायरीवर बसायचं.”

“कितीही वेळ?”

“हो गं ताई. किती वेळा विचारशील?”

गाडीत बसल्यावर त्यानं मागे वळून बघितलं का, हे तिला आठवत नाही. पुष्कळ वर्षं तिला आठवत होतं की बघितलं. मग एके दिवशी तिला कळलं की ते आपणच बनवलंय. खरं आठवतं ते एवढंच: गाडीचं चाक वंगणावाचून कुरकुरत होतं आणि तो आवाज मुलं दिसेनाशी झाल्यावरही येत होता.

बंदूकवाल्यांची राजवट कोसळल्यावर ती चालत शहरात आली. तेव्हा ज्याला जे रिकामं सापडेल ते त्याचं घर. पिवळ्या घरात कुण्या सैनिकाचं कुटुंब शिरलं होतं. दुकानात त्यांनी डुकरं बांधली होती. सोळा वर्षांची थियारी दारात उभी राहून म्हणाली, हे आमचं घर आहे. सैनिकाची बायको वाईट नव्हती. ती म्हणाली, “पोरी, आमचंही कुठंतरी होतं.” आणि तिनं भाताचा वाडगा पुढं केला. थियारीनं भात खाल्ला आणि समोरच्या बिल्डिंगीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली धरली. नळाला पाणी नव्हतं, सगळं खालून डोक्यावर आणायचं, म्हणून ती खोली कुणालाच नको होती. पण तिच्या खिडकीतून पिवळ्या घराची पायरी सरळ दिसायची.

त्या खोलीत तिचं सगळं झालं. लग्न झालं, लिडा झाली, नवरा गेला. नवरा सारोम पाणीखात्यात होता, भला माणूस, थोडा पिणारा. प्यायला की म्हणायचा, “तू नवरा नाही केलास, खिडकीला चौकीदार ठेवलास.” तिला हसू यायचं. कारण बाहेर जायचं असलं की ती खरंच त्याला सांगून जायची, जरा बघत राहा हं. पिवळ्या घरातली माणसं बदलली, तशी ती प्रत्येकाकडे जाऊन सांगून आली: कुणी उक सारीन शिंप्याचं घर विचारत आला, तर समोर वर पाठवा. सैनिकाच्या बायकोला सांगितलं. मग तिथं परदेशी मदतसंस्थेचं ऑफिस आलं, तेव्हा त्यांच्या उंच, तांबड्या केसांच्या बाईला सांगितलं. त्या बाईनं भिंतींना पांढरा रंग द्यायला माणसं लावली, तर थियारी खाली धावत गेली आणि शिडी धरून उभी राहिली. रंगारी ओरडायला लागले. दुभाष्यानं बाईला सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी पिवळ्या रंगाचे डबे आले. पुढं तिथं कॉफीचं दुकान निघालं. दुकानातली पोरं म्हणायची, आजी, काळजी नको, आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आम्ही आधी तेच विचारतो. चेष्टा होती, पण त्यांनी सांगितलेलं ध्यानात ठेवलं होतं.

आणि शहर वर वर चाललं होतं. सिनेमा पडला, तिथं बँकेचा टॉवर आला, एवढा उंच की पहिल्या वर्षी लोक रविवारी पोराबाळांना घेऊन तो बघायला यायचे. तिलाही तो आवडला होता. संध्याकाळी काचा केशरी व्हायच्या, आणि ज्या शहरात आपण एकेकाळी विहिरीत दोर सोडून पाणी काढलं त्या शहरात असलं काही उभं राहावं, याचा तिला थोडा अभिमानही वाटला होता. मग टाकी गेली. सोनेरी सापाच्या दवाखान्याचं हॉटेल झालं. दर वेळी ती मनात वाट पुन्हा जुळवून घ्यायची. सिनेमा नाही, पण टाकी आहे. टाकी नाही, पण साप आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी यंत्रानं पिवळं घरच उचकटलं. गोल खिडकी पडताना फुटली नाही, चौकटीसकट ढिगाऱ्यावर पडून आकाशाकडं बघत राहिली. तेव्हासुद्धा थियारीनं स्वतःला समजावलं: फोटोवाला आहे, तिथून तो वळेल, वर बघेल, मी खिडकीत असेन. माणूस एकाच गोष्टीला किती टेकू लावू शकतो. आता फोटोवालाही नव्हता, आणि ती स्वतःच चुकली होती.

मासा तसाच राहिला. दुपारी लिडाचा फोन आला. लिडा नदीपलीकडं राहते, तिच्या नवऱ्यानं बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. “आई, कंपनीचा माणूस मला फोन करतो आता. म्हणतो, तुमच्या आईमुळं बिल्डिंग अडलीय.”

“अडू दे.”

“या पावसात भिंत कोसळली तर? आई, मला कळतं तू का थांबलीयस. लहान असताना मला वाटायचं, मामा हे खिडकीचंच नाव आहे. मामात डोकं घालू नकोस, पडशील, असं मी बाहुलीला सांगायचे.” लिडा थांबली. “आई, तो असता तर...” नेहमीसारखं तिनं वाक्य सोडून दिलं.

फोन ठेवल्यावर थियारीच्या मनात आलं की एक काम राहून गेलंय. पिवळ्या घरात आलेल्या प्रत्येकाला आपण सांगितलं, पण या पत्र्यांच्या माणसांना सांगितलं नाही. घरच नाही तर कुणाचा पत्ता सांगायचा, म्हणून ती त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती. ती खाली उतरली. फटीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत चौकीदार बसला होता, चाळिशीचा, सोफात नावाचा, गावाकडचा गडी. दात कोरत रेडिओ ऐकत होता.

“भाऊ, एक सांगायचं होतं. कुणी माणूस उक सारीन शिंप्याचं घर विचारत आला, तर त्याला समोर तिसऱ्या मजल्यावर पाठवा.”

“शिंपी?” सोफातनं रेडिओ बारीक केला. “म्हणजे इथं पिवळं घर होतं तेच का?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“पावसाच्या आधी एक जण आला होता ना. पिवळं घर, पिवळं घर करत होता.”

क्रेनचा हुक वर कुठंतरी साखळीला घासत होता. तो आवाज तिला फार स्पष्ट ऐकू येऊ लागला, आणि चौकीदाराचं बोलणं फार लांबून.

“कसा होता?”

“कसा म्हणजे? शेतकरी वाटला. पन्नाशीचा. काळा पडलेला.”

“त्याच्या मनगटावर डाग होता? भाजल्याचा? लहानपणी इस्त्री लागली होती.”

“लांब बाह्यांचा सदरा होता, मावशी. आणि मी कशाला मनगट बघू?” मग तिचं तोंड बघून तो सरळ बसला. “अहो, अशी येतात माणसं. कुणी अमेरिकेतून येतं, कुणी खेड्यातून. कुणाचं पिवळं घर, कुणाचं निळं. तुमचाच असेल कशावरून?”

“तुम्ही काय सांगितलंत त्याला?”

“सगळ्यांना सांगतो तेच. इथं कुणी राहत नाही, सगळे उठून गेले. उगाच थांबू नका, वरून काही पडेल.”

“आणि तो गेला?”

“लगेच नाही गेला. बसून राहिला होता बराच वेळ. तिथं.” त्यानं पत्र्याच्या बाहेर, गटाराशेजारी बोट दाखवलं. तिथं नवं काँक्रीट होतं. “जुनी पायरी होती ना एक दगडाची, तेवढीच राहिली होती, तिच्यावर. मी म्हटलं, काका, उठा, तर म्हणाला, बसू द्या जरा. मग सिमेंटचा ट्रक आला, तेव्हा मीच उठवलं. तुम्ही कुठं होता, मावशी? तुमची खिडकी तर समोरच.”

ती घरातच होती. त्या महिन्यात सिमेंटची धूळ इतकी उडत होती की भाताला राखेची चव यायची, म्हणून तिनं खिडकीला आतून जाड प्लास्टिक लावलं होतं, चारी कडांना चिकटपट्टी मारून. उजेड यायचा, दिसायचं काही नाही. पहिला पाऊस झाल्यावर तिनं ते काढलं. त्यामागं ती बसली असेल, कोबी चिरत, किंवा उशी शिवत, किंवा नुसतीच. आणि खाली तो.

कदाचित तो नसेलही. पुढचे कित्येक दिवस ती हे वाक्य मनात धरून हिंडली. पिवळ्या घुमटाच्या बाजाराभोवतीच्या स्वस्त लॉजांमधे गेली, बसथांब्यांवर गेली, आणि काय विचारायचं हेच तिला कळेना. लांब बाह्यांचा, काळा पडलेला, पन्नाशीचा माणूस. अशी माणसं तर प्रत्येक बसमधून उतरत होती. रेडिओवर हरवलेल्यांची नावं सांगतात, तिथंही ती गेली. पूर्वी दोनदा गेली होती. काचेमागच्या मुलीनं नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, शेवटचं कुठं पाहिलं ते विचारलं. “आणि आजी, ते आले तर भेटायचं कुठं? जागा सांगा एखादी.” थियारीनं तोंड उघडलं. तिच्या मनातून सगळं शहर सरकत गेलं, कोपऱ्यामागून कोपरा, आणि जिथं म्हणून नजर टेकवावी तिथं निळा पत्रा. मुलगी थांबून राहिली. मागच्या माणसानं घसा खाकरला. “मग सांगते,” असं म्हणून थियारी बाहेर आली.

हेंग मावशी गेली त्या दिवशी दोघी रडल्या नाहीत. मावशीनं आपलं मोठं पातेलं तिला देऊ केलं. एवढ्या मोठ्या पातेल्याचं मी काय करू, असं थियारी म्हणाली. “मलाही माहीत नाही,” मावशी म्हणाली, आणि पातेलं तिथंच भिंतीशी ठेवून लेकाच्या मोटारसायकलवर बसली. त्याच आठवड्यात थियारीनं लिडाला फोन केला आणि मी येते म्हणाली. लिडा इतकी आनंदली की तिला काही विचारायचं सुचलंच नाही.

बाविसाव्या मजल्यावर धूळ येत नाही. आवाजही येत नाही. सकाळी जावई ऑफिसला जाताना नमस्कार करून जातो, नातीला शाळेची गाडी न्यायला येते, आणि मग मोठ्या काचेपलीकडं शहर असतं, ढगाखाली पसरलेलं, अर्धवट बांधलेल्या टॉवरांनी टोचलेलं. “ते बघ, तिकडं कुठंतरी आपली जुनी गल्ली,” लिडा बोट दाखवते. थियारी मान हलवते. तिला काही दिसत नाही. दिसावं असं वाटत नाही, हे अधिक खरं. काचेकडं पाठ करून ती भाजी निवडते. कधीकधी तिच्या मनात येतं, त्याला कुणीतरी कुठंतरी जेवायला घातलं असेल, त्याला बायको असेल, मुलं असतील, संध्याकाळी तो त्यांना सांगत असेल की जाऊन आलो, कुणी नाही उरलं. तो रडला असेल का, हे मात्र तिला दिसत नाही. त्याचं म्हातारं तोंड तिला बनवता येत नाही. फक्त गुडघे दिसतात.

पितरांचा पंधरवडा लागला. लिडानं भात, मासळीची आमटी, केळीच्या पानातले चिकट भाताचे लाडू असं सगळं करून डब्यात भरलं आणि दोघी सकाळी विहाराला गेल्या. पाऊस थांबला होता, अंगणात चपलांचा ढीग पडला होता. आत भिक्षू रांगेत बसले होते आणि त्यांच्यापुढं पांढऱ्या सदऱ्यातले एक वृद्ध आचार्य घरोघरच्या मृतांची नावं विचारून घेत होते, म्हणजे भिक्षूंनी ती मंत्रात घ्यायची आणि अन्न त्यांना पोचायचं. या दिवसांत आत्मे आपल्या माणसांचं अन्न शोधत विहारामागून विहार हिंडतात, कुठंच नाव निघालं नाही तर उपाशी परततात. थियारीचा नंबर आला. डब्याचं झाकण काढून तिनं हात जोडले.

“उक सारीन,” ती म्हणाली. “वडील.”

“हं.”

आईचं नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. दर वर्षी ती इथं थांबायची. लिडा उठायच्या तयारीनं ओढणी सावरू लागली.

“उक पिसेथ,” थियारी म्हणाली.

लिडाचा हात ओढणीवरच राहिला. आचार्यांनी मान वर केली. हे नाव त्यांनी या बाईच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

“हे कोण?”

“भाऊ. धाकटा.”

“त्या काळात गेला का? तेव्हा गेलेल्यांना आम्ही एकत्र घेतो.”

“नाही,” थियारी म्हणाली. “यंदा गेला.”